पत्र कुणाच्या हातात पडणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवता. विनंतीपत्र लिहायला दिलं की साठ वह्यांमधून एकच पत्र साठ वेळा निघतं. जाहिरात म्हटली की ‘त्वरा करा, त्वरा करा’, भाषण म्हटलं की ‘सन्माननीय व्यासपीठ’. वाचक मुख्याध्यापक असोत, सरपंच असोत की गावातला दुकानदार असो, मुलांची भाषा तीच राहते. माणूस आणि प्रसंग पाहून, समोरच्याला पटेल असं लिहायला कसं शिकवायचं, आणि हे करताना बोर्डाच्या परीक्षेचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला बरीच वर्षं मराठी शिकवते. उत्तर लांबणार आहे. हा विषय जिव्हाळ्याचा आहे, आणि दोन ओळींत सांगितला तर तोही पाठ करायचा एक नमुनाच होईल.

मुलांना पटवता येत नाही, असं मला वाटत नाही. सहलीला जायचं असलं की एकच मुलगी आईला सांगते, ‘बाई सोबत आहेत, मुक्काम एकच आहे.’ वडिलांना सांगते, ‘पैसे दोन वेळेला मिळून भरले तरी चालतंय.’ आणि आजीला सांगते, ‘येताना नरसोबाच्या वाडीला थांबणार आहेत.’ कुणाला कशाची काळजी आहे, कोण कशाने तयार होतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तोंडी ती तीन माणसांशी तीन तऱ्हांनी बोलते. कागद पुढे आला की ही माणसं नाहीशी होतात आणि पेपर तपासणारा तेवढा उरतो. त्याला गाडी सोडायची नसते, पैसे द्यायचे नसतात, कसलाच निर्णय घ्यायचा नसतो. मायना, विषय, समारोप जागच्या जागी दिसले की त्याचं काम झालं. मुलं त्याला हवं ते बरोबर देतात. वाचक ओळखण्यात ती कुठेच कमी पडत नाहीत. आपण त्यांना वाचकच एक दिलेला असतो.

म्हणून लेखनाचे प्रकार शिकवण्याआधी मुलांना असा वाचक द्या, ज्याच्या हातात खरोखर काही ठरवायचं आहे. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं आहे.

यातलं तुम्हाला किती जमेल, ते परिस्थितीवर आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं पत्र दोनदा वाचून देणं शक्य नाही, तिथे गट करावे लागतात. आठवीत वेळ मिळतो, दहावीत दिवाळीनंतर मिळत नाही. मुख्याध्यापकांना मुलांनी शाळेबाहेर पत्रं पाठवणं रुचेलच असं नाही. त्यांची परवानगी आधी घ्या, म्हणजे मुलांच्या उत्साहावर मध्येच पाणी पडत नाही. गावात दोन तट असतील आणि प्रश्न त्यातला असेल तर तो विषय वर्गात घेऊ नका, मुलं उगीच भरडली जातात. शाळेच्या परसातला, छोटा आणि सुटण्यासारखा प्रश्न निवडा.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आमच्याकडे वाड्यावस्त्यांवरून मुलं एसटीने येतात. शाळा पाचला सुटायची. एका रस्त्याची गाडी पावणेपाचला स्टँडवरून निघायची आणि त्यानंतरची साडेसहाला. थंडीच्या दिवसांत साडेसहा म्हणजे अंधार. आगार व्यवस्थापकांना पत्र लिहा, असं वर्गाला सांगितलं. एका हुशार मुलीचं पत्र असं होतं: ‘आमच्या मार्गावरील बससेवा अत्यंत गैरसोयीची असून विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत. त्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी आपण या गंभीर समस्येची त्वरित दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’

शुद्धलेखन निर्दोष, मांडणी नेटकी. परीक्षेत चांगले गुण मिळतील. पण हे पत्र हातात घेऊन व्यवस्थापकांनी करायचं काय? कोणती गाडी, किती वाजताची, तिचं काय करायचं, यातलं पत्रात काहीच नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे विचार करायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात.

मग दोन मुलांना स्टँडवर पाठवलं. त्यांनी वाहतूक नियंत्रकांशी बोलून तिथली भाषा आणली: भारमान, फेरी, मुक्कामी गाडी, चालक-वाहकांची ड्युटी. गाडीत किती माणसं बसतात आणि ती गाडी पुढे कुठली फेरी करते, याच्या हिशेबावर तिथली वेळ ठरते, हे मुलांना पहिल्यांदा कळलं. परत आल्यावर त्यांतल्याच एकाला टेबलामागे बसवलं. तो व्यवस्थापक. बाकीच्यांनी आपलं पत्र त्याला वाचून दाखवायचं आणि त्याने प्रश्न विचारायचे. त्याने विचारलं, ‘गाडी उशिरा सोडली तर तिची पुढची फेरी कोण करणार? पावणेपाचला रोज जाणाऱ्या माणसांनी थांबायचं का? तुम्ही पोरं आहात तरी किती?’ वर्गाकडे यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. मग मुलं उत्तरं गोळा करायला बाहेर पडली. त्याच मुलीचं दुसरं पत्र असं आलं:

‘आमची शाळा पाच वाजता सुटते. आमच्या मार्गाची गाडी पावणेपाचला निघते आणि त्यानंतरची साडेसहाला आहे. या मार्गावर पास असलेले आम्ही ३४ विद्यार्थी आहोत, त्यांत २१ मुली आहेत. नावांची आणि पास क्रमांकांची यादी सोबत जोडली आहे. डिसेंबरमध्ये साडेसहाच्या गाडीतून उतरल्यावर वस्तीपर्यंत अंधारात चालत जावे लागते. पावणेपाचची गाडी सव्वापाचला सोडल्यास नवीन फेरी न वाढवता आमची सोय होईल. या गाडीच्या रोजच्या प्रवाशांना आम्ही विचारले. बाजारचा दिवस सोडून अर्धा तास उशीर चालेल, असे बहुतेकांनी सांगितले. बाजारच्या दिवशी आहे तीच वेळ ठेवावी.’

शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि त्यावर बराच वेळ बोलले. बाजाराहून ओझं घेऊन परतणाऱ्या बायकांची अडचण त्या मुलीने स्वतःहून पत्रात घेतली. आपल्या मागणीने दुसऱ्याचं नुकसान कुठे होतं, ते तिने पाहिलं आणि तेवढी मागणी कमी केली. वाचणाऱ्याला अशा पत्रावर भरवसा वाटतो. ‘अतोनात हाल’ हे शब्दही गेले आणि त्यांच्या जागी अंधारातला रस्ता आला. हालांचं वर्णन करावं लागलं नाही.

आगाराचं उत्तर आलं: ही गाडी परत येऊन पुढच्या फेरीला लागते, त्यामुळे सव्वापाच जमणार नाही. फार तर दहा मिनिटं उशीर करता येईल, चार पंचावन्न. मुलं हिरमुसली. पण मला इथून पुढचा भाग जास्त मोलाचा वाटला. आता निर्णय दुसऱ्याच माणसाकडे गेला होता. गाडी दहा मिनिटं थांबत असेल तर शाळा पंधरा मिनिटं लवकर सुटू शकते का? म्हणजे वाचक मुख्याध्यापक. त्यांना ३४ मुलं आणि पास क्रमांक सांगून उपयोग नाही, ती तर त्यांचीच मुलं. त्यांची काळजी तासिका बुडू नयेत ही, आणि एका रस्त्याला सवलत दिली की उद्या दुसऱ्या रस्त्याची मुलं येतील ही. म्हणून या पत्रात मुलांनी लिहिलं की मधल्या सुट्टीतली दहा आणि परिपाठातली पाच मिनिटं कमी करून सगळीच शाळा पावणेपाचला सोडावी, एकही तासिका कमी होणार नाही. आगाराचं उत्तर सोबत जोडलं. तिसरा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटासाठी. त्यात कुणाला काही पटवायचं नव्हतं. कुठल्या तारखेपासून, किती वाजता, थांब्यावर न्यायला यायचं असेल तर कधी, एवढंच. पाच ओळी, आणि त्या घरच्या बोलीत. ‘कळविण्यात येते की’ वाचून आमच्याकडच्या पालकांना वाटतं, शाळेची फी थकली.

तिन्ही मजकूर शेजारी शेजारी भिंतीवर लावले. गोष्ट एकच आणि मजकूर तीन, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ‘वाचकानुसार भाषाशैली बदलावी’ हे वाक्य मला उच्चारावं लागलं नाही.

लिहायला बसण्याआधी मुलांना मी तीन प्रश्न विचारते. हा माणूस नेमकं काय करू शकतो? ते करताना त्याला काय आडवं येतं? आणि तो कशावर विश्वास ठेवतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वरच्या उदाहरणात आलीच. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर थोडं थांबते. व्यवस्थापकांचा विश्वास यादीवर. सरपंचांचा किती घरं आपल्या मागे आहेत यावर, म्हणून तिथे सह्या कामाला येतात. बचत गटातल्या बायकांचा विश्वास आपल्यातलीच एखादी ते करून बसली आहे यावर. आजोबांचा स्वतःच्या डोळ्यांवर. एका वाचकापुढे भक्कम ठरलेला पुरावा दुसऱ्यापुढे निकामी असतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना फार लवकर कळतं.

प्रसंग बदलला की काय बदलतं, ते शिकवायला आमच्या भागात पूर आहे. कृष्णाकाठच्या मुलांनी २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहिलेत, नाहीतर घरात ऐकलेत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथे पोराटोरांना पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या वेळी घर सोडायला तयार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब साधा होता: २००५ ला पाणी अमुक पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काही येत नाही. यात अडाणीपणा काही नव्हता. त्यांनी पाहिलेला सगळ्यांत मोठा पूर तोच होता.

वर्गाला काम दिलं: पाणी चढतंय, रात्र आहे, गावच्या गटावर संदेश टाकायचा आहे. पहिले मसुदे उद्गारचिन्हांनी भरलेले. ‘सावधान! पाणी वाढत आहे! सर्वांनी सुरक्षित स्थळी जावे!’ हे वाचून घाबरतील सगळे, पण उठून जाणार कुठे? घासूनपुसून जो मजकूर तयार झाला तो असा: ‘६ ऑगस्ट, रात्री ९. आयर्विनला पाणी ४३ फूट, वाढतंय. खालच्या गल्लीतल्यांनी आज रात्रीच हायस्कूलमध्ये यायचं. ट्रॅक्टर साडेनऊपासून मारुतीच्या देवळापाशी उभा असेल. जनावरं आधी, वरच्या माळावर. औषधं, रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तकं पिशवीत घ्या.’ तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत का, हा प्रश्न मुलांनीच सोडवला. असा संदेश एका गटातून दुसऱ्या गटात फिरत राहतो आणि परवा सकाळी कुणाला तरी नवीन म्हणून मिळतो. वेळ नसेल तर तोच संदेश लोकांची दिशाभूल करतो.

दुसरं काम पाणी आणखी बरंच चढल्यावरचं, आणि त्याहून अवघड होतं. न हलणाऱ्या आजोबांशी काय बोलायचं, ते लिहून आणा. ज्यांना हे साधलं, त्यांनी आजोबांना खोडून काढलं नाही. एका मुलाने सुरुवातच अशी केली होती: ‘आबा, २००५ ला पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, ते मला दाखवा.’ आजोबा पायरी दाखवतात. ‘मग ती पायरी आत्ता, रात्री दहालाच पाण्याखाली गेली.’ आणि मग: ‘म्हशी तात्याच्या माळावर नेऊन बांधल्यात, वैरण टाकलीय.’ आबांचा पाय घरात का अडकला होता, ते त्या मुलाला बरोबर कळलं होतं. म्हशींची सोय झाल्याशिवाय त्यांच्यापुढे फुटांचे आकडे मांडून काही होणार नव्हतं.

या तयारीनंतर मी मुलांना शिवाजी महाराजांचं एक पत्र वाचून दाखवते. १६७० च्या दशकातलं आहे. चिपळूणजवळ छावणी केलेल्या फौजेच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. मुलांना ते इतिहासात ‘रयतेची काळजी’ या नावाखाली माहीत असतं. मी ते मराठीच्या तासाला, पटवून कसं द्यायचं हे शिकवण्यासाठी घेते. रयतेला त्रास देऊ नका, एवढं सांगून पत्र थांबत नाही. दाणा-वैरण आत्ता बेफिकिरीने उडवलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत. जीव धरून राहिलेले कुणबीही निघून जातील आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. पुढे तर रात्री दिवा जळत ठेवलात आणि उंदराने वात ओढून नेली तर गवताला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत पत्र जातं. वाचणारा शिपाईगडी आहे, त्याचा जीव घोड्यावर आहे. म्हणून सुरुवात घोड्यापासून. हुकूम देण्याचा अधिकार हातात असताना महाराज कारणं सांगतात, ती वाचणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातली सांगतात, आणि एकातून दुसरं कसं घडेल ते डोळ्यांपुढे उभं करतात. वर्गातली मुलं शेतकऱ्यांची असतात. गंजीला आग लागणं म्हणजे काय, हे त्यांना समजावावं लागत नाही. जुनी भाषा अडते, तेवढी मी सोपी करून देते. मग एकच प्रश्न विचारते: हेच रयतेला लिहायचं असतं तर सुरुवात कुठून झाली असती?

जाहिरातीबद्दल मला खास काही सांगायचंय, कारण तिथे लेखनाबरोबर सचोटीचाही प्रश्न येतो. आमच्याकडे द्राक्ष आणि बेदाणा घराघरांत आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तासगावला बेदाण्याचे सौदे निघतात, हे मुलं बघत वाढतात. एका मुलाने घरच्या बेदाण्याची जाहिरात लिहिली: ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोणत्याही रसायनाशिवाय.’ मी त्याला जवळ बोलावून विचारलं, तुमच्या शेडवर डिपिंग करता ना? द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकतात, पुढे रंगासाठी गंधकाची धुरी देतात, हे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत होतं. तो म्हणाला, ‘पण बाई, सगळे असंच लिहितात.’ मी म्हटलं, खरं काय काय आहे, त्याची यादी कर. आमच्याच बागेतला. यंदाचाच. काड्या काढून निवडलेला. हिरवा आणि काळा, दोन्ही मिळतील. घरी येऊन बघून घ्या. यातून जी जाहिरात झाली ती आधीच्यापेक्षा कितीतरी जोरकस होती, कारण ‘घरी येऊन बघा’ असं खोटं बोलणारा लिहू शकत नाही.

त्याच मालाची दुसरी जाहिरात व्यापाऱ्यासाठी लिहायला दिली आणि मुलं अडली. ते अडणं योग्यच होतं. सौद्यात व्यापारी बेदाणा हातात घेतो, दाबून बघतो, रंग आणि आकार बघून बोली लावतो. तिथे गोड शब्दांना भाव नाही. किती माल, कुठल्या रंगाचा, कधी तयार, एवढी चिठ्ठी पुरे. कुठे पटवायला जायचं नाही, हेही शिकवायलाच हवं.

माहिती अधिकाराचा अर्ज मी त्याचसाठी घेते. २००५ च्या कायद्यानुसार माहिती का हवी, याचं कारण अर्जदाराला द्यावं लागत नाही. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे, विषय एकच असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा, असा नियम आहे. उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यायचं असतं. मुलं सवयीने त्यातही ‘आमचे हाल’ लिहितात, ‘नम्र विनंती’ करतात. तिथे काटेकोर प्रश्न लागतो: कोणत्या कामाची, कोणत्या कालावधीतली, कोणत्या कागदाची प्रत. हक्काने मागायची गोष्ट आणि समोरच्याच्या मर्जीवरची गोष्ट यांतला फरक मुलांना यातून कळतो. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. उद्या याच मुलांना कार्यालयांचे उंबरे झिजवायचे आहेत. कुठे हात जोडायचे आणि कुठे पावती मागायची, हे त्यांना माहीत असावं.

भाषणाचं थोडक्यात सांगते. ग्रामसभेत बोलायचं तर ऐकणारा मागे वळून वाचू शकत नाही, म्हणून मागणी पहिल्या दोन वाक्यांत आणि पुन्हा शेवटी. मध्ये एकच उदाहरण, गावातलं. आणि बोलणं संपताना ठरावाचं वाक्य तयार हवं, कारण इतिवृत्तात तेच जातं. ‘सन्माननीय व्यासपीठ’ मुलांना हवं असेल तर राहू द्या, त्यासाठी भांडू नका.

आता परीक्षा. मी साचा टाकून देत नाही, उलट शेवटी तोच नीट शिकवते. फक्त क्रम बदलते. खरं पत्र लिहून झाल्यावर मुलांना विचारते, ‘विषय’ ही ओळ कशासाठी? कार्यालयात आलेलं टपाल कुठल्या टेबलाकडे पाठवायचं, ते आवक-जावक बघणारा माणूस त्या ओळीवरून ठरवतो. दिनांक कशासाठी? उत्तर आलं नाही तर स्मरणपत्रात तोच लिहावा लागतो. ‘प्रति’मध्ये नावाऐवजी पद का? माणूस बदलून जातो, खुर्ची राहते. असं समजलं की मुलं मायना विसरत नाहीत. आणि कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, विनंतीपत्र किंवा जाहिरात आली की ती मनात एक माणूस धरतात. त्यांच्या पत्रात एखादी वेळ, एखादी संख्या, एखादी नेमकी मागणी येते. साठ सारख्या पत्रांनंतर असं एक पत्र हाताला लागलं तर तपासणाऱ्यालाही ते जाणवतंच. तरीही काही ठिकाणी चाकोरीतल्या उत्तरालाच जास्त गुण मिळतात, हे मी नाकारत नाही. म्हणून मांडणीचे नियम चोख पाळून घेते, तिथे तडजोड नाही.

तपासताना लाल पेनाने शुद्धलेखन सुधारण्याआधी मी समासात त्या वाचकाचा प्रश्न लिहिते. ‘कोणती गाडी?’ ‘याला किती खर्च येईल?’ ‘हे मी कशावरून खरं मानू?’ मुलांना ‘मुद्दा स्पष्ट करा’पेक्षा हे लगेच उमगतं. शुद्धलेखन दुसऱ्या मसुद्यात बघते. पहिल्याच मसुद्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांनी पान भरलं की मुलं सुरक्षित, म्हणजे पाठ केलेल्या वाक्यांकडे परत पळतात. साठ मुलांच्या वर्गात सहा-सहांचे गट करा. दर गटात एक मूल वाचकाच्या जागी बसेल, दर वेळी निराळं. पूर्ण पत्राचा आग्रह धरू नका. नुसत्या चार ओळी, एकाच मागणीच्या, दोन वाचकांसाठी, एवढं एका तासिकेत होतं आणि तुमच्या तपासणीच्या आवाक्यात राहतं. लिहिण्यात मागे असलेल्या मुलाला आधी तोंडी पटवू द्या आणि शेजाऱ्याला ते टिपून घेऊ द्या. स्वतःचं बोलणं कागदावर उतरलेलं पाहिलं की तो पुढच्या वेळी पेन हातात घेतो. त्याच्या बोलीतले शब्द पहिल्या मसुद्यात तसेच राहू देत. कार्यालयाला लिहायचं असेल तेव्हा ते शेवटी बदलता येतात.

तुमच्या माणमध्ये पाण्याचा प्रश्न मुलांच्या तोंडी रोजच असणार. उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर तिथूनच सुरुवात करा, पण ‘पाणीटंचाई’ असा मोठा विषय देऊ नका. आमच्या वस्तीवरचा टँकर शाळेच्या वेळेत येतो आणि घरी कुणी नसतं, असं एखादं टोक धरा. फेरीची वेळ नक्की कोण ठरवतं, चालक, ग्रामपंचायत की पंचायत समिती, हे मुलांनाच शोधून आणू द्या. ते कळेपर्यंत कुणालाही पेन उघडू देऊ नका.